शहराच्या अनुदानातून कलाप्रकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलाकारांचे अर्ज लिहून देणं आणि निवड समितीत बसून तसेच अर्ज वाचणं, ही दोन्ही कामं मी केली आहेत. त्यामुळे पुढची काही उत्तरं योजनेच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. नियम प्रत्येक शहराचे वेगळे असतात, तेव्हा आपल्या शहराची नियमावली आधी वाचा आणि मग हे.

कलाप्रकल्पांना सामुदायिक अनुदान म्हणजे नेमकं काय?

शहराच्या तिजोरीतला थोडा पैसा बाजूला काढला जातो, अर्ज मागवले जातात आणि निवडलेल्या प्रकल्पांना ठरावीक रक्कम दिली जाते. प्रकल्प म्हणजे वस्तीतल्या भिंतीवरचं चित्र, मुलांची नाट्यकार्यशाळा, जुन्या रहिवाशांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण, बागेतली गाण्याची मैफल, असं काहीही.

पुरस्कार तुम्ही आधी केलेल्या कामाला मिळतो. अनुदान जे अजून घडायचं आहे त्याला मिळतं, आणि ते तुमच्या घरात नाही तर लोकांमध्ये घडायला हवं. हा फरक बहुतेक अर्जदारांच्या ध्यानात राहत नाही. मग अर्जाची तीन पानं स्वतःच्या कारकिर्दीवर खर्च होतात आणि जो उपक्रम करायचा आहे त्याच्या वाट्याला एक परिच्छेद येतो.

हा पैसा येतो कुठून?

काही ठिकाणी सर्वसाधारण अंदाजपत्रकातून, म्हणजे दरवर्षी नव्याने मागून घ्यावा लागतो आणि काटकसरीच्या वर्षी सगळ्यात आधी त्याच्यावरच कात्री चालते. म्हणून काही शहरांनी कलेसाठी वेगळा झरा बांधून घेतला. सॅन फ्रान्सिस्कोने 1961 मध्ये हॉटेलवरच्या करातून कलासंस्थांना अनुदान द्यायला सुरुवात केली. तर्क सोपा होता: पाहुणे शहराच्या सांस्कृतिक जीवनासाठीही येतात, तर त्यांनी थोडा भार उचलावा. अमेरिकेतल्याच डेन्व्हर आणि आसपासच्या परगण्यांतल्या मतदारांनी 1988 मध्ये विक्रीकरात 0.1 टक्क्याची भर मंजूर केली, ती फक्त विज्ञान आणि संस्कृतीसाठी. पोर्टलंडने 2012 मध्ये मतदान घेऊन माणशी 35 डॉलरचा कलाकरच लावला.

प्रत्येक झऱ्याचा स्वतःचा उन्हाळा असतो. 2020 मध्ये साथीमुळे हॉटेलं ओस पडली, तेव्हा हॉटेलकरावर विसंबलेल्या शहरांत कलेचा पैसाही आटला.

नव्या सार्वजनिक इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलाकृतीसाठी राखून ठेवायची पद्धत याहून वेगळी. फिलाडेल्फियाने ती 1959 मध्ये सुरू केली. तो पैसा बहुधा त्या इमारतीतल्या किंवा आवारातल्या कलाकृतीसाठीच असतो, तुमच्या कार्यशाळेसाठी नाही.

रस्ते, पाणी, दवाखाने सोडून शहराने नाटकाला पैसे का द्यावेत?

प्रश्न रास्त आहे आणि ‘कला हा समाजाचा आत्मा आहे’ असलं उत्तर देऊन तो टाळू नये. पहिली गोष्ट, ही रक्कम शहराच्या एकूण खर्चात इतकी लहान असते की ती बंद केल्याने रस्ता होत नाही. पण हे पुरेसं उत्तर नाही, लहान रक्कमही वाया जाऊ शकतेच.

फिलाडेल्फियाचं उदाहरण मला जास्त पटतं. तिथे 1984 मध्ये महापौरांनी भिंती विद्रूप करणाऱ्यांना आळा घालायला एक मोहीम काढली. जेन गोल्डन या चित्रकर्तीला त्या मोहिमेत घेतलं आणि रंगाच्या फवाऱ्याने भिंती रंगवणाऱ्या पोरांनाच त्यांनी भित्तिचित्रांच्या कामाला लावलं. आज त्या शहरात 4,000 हून अधिक भित्तिचित्रं झाली आहेत. सुरुवात कलेच्या खात्यातून झालेली नव्हती, ती साफसफाईच्या गरजेतून झाली. तुमच्या प्रकल्पाचंही असं एखादं साधं, न लाजता सांगता येणारं कारण असेल तर तेच सांगा.

निवड कोण करतं? ओळख लागते का?

चांगल्या योजनेत पैसा देणारा आणि निवड करणारा हे दोघे वेगळे ठेवलेले असतात. ब्रिटनमध्ये अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या पुढाकारातून आकाराला आलेल्या कलापरिषदेला 1946 मध्ये सनद मिळाली, तिचं तत्त्व हेच: पैसा सरकारचा, पण कोणाला द्यायचा हे मंत्र्याने ठरवायचं नाही. शहरांनीही पुढे असं अंतर राखलं. माँट्रियालची कलापरिषद 1956 पासून काम करते आहे.

प्रत्यक्षात पाच-सात जणांची समिती असते. त्यात कलाकार, शिक्षक, वस्त्यांतले कार्यकर्ते. प्रत्येक जण अर्ज घरी वाचून गुण देतो, मग एकत्र बसून चर्चा होते. अर्जदार नात्यातला किंवा जवळचा असेल तर त्या अर्जापुरतं उठून बाहेर जायचं असतं. हा नियम कागदावर असूनही पाळला जात नसेल, तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ओळखीचा फायदा कुठेच होत नाही असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण गुणांचा तक्ता, समितीची नावं आणि निकाल जिथे जाहीर होतात तिथे तो करून घेणं अवघड जातं. अर्ज करायच्या आधी गेल्या वर्षीची निकालाची यादी मिळते का बघा. योजनेची नियत तिथे कळते.

अर्ज वाचणारा नेमकं काय बघतो?

एका बैठकीआधी माझ्यापुढे साठेक अर्ज होते. चाळिसाव्या अर्जापाशी माणूस थकलेला असतो, हे आधी ध्यानात घ्या. ‘सांस्कृतिक समृद्धी’, ‘सर्जनशील अभिव्यक्ती’, ‘सर्वसमावेशक मंच’ हे शब्द तोवर इतक्यांदा येऊन गेलेले असतात की डोळा त्यांच्यावरून घसरतो. आणि मग कोणीतरी लिहिलेलं असतं: ‘दर शनिवारी सकाळी दोन तास, बारा आठवडे, वीस मुलं, शाळेच्या रिकाम्या वर्गात. मुलं आपल्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट ऐकून येतील आणि तिचं नाटुकलं करतील. शेवटच्या शनिवारी ती म्हातारी माणसंच प्रेक्षक असतील.’ झोप उडते. काय होणार, कुठे, कोण करणार, कोणासमोर, सगळं दिसलं.

अर्जाच्या पहिल्या चार ओळींत हे दिसलं पाहिजे. भाषा साधी चालते, अशुद्धही चालते. धूसर असेल तर मात्र नाही.

दुसरं, तुम्ही म्हणता ते तुमच्याच्याने होईल का? इथे पुरस्कारांची यादी फारशी कामाची नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांचं ‘वर्ग द्यायला तयार आहोत’ असं दोन ओळींचं पत्र मोठ्या कलावंताच्या पानभर शिफारशीपेक्षा जड भरतं.

तिसरं अंदाजपत्रक. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण अर्ज खरे तर तिथे बुडतात.

‘समुदायाचा सहभाग’ म्हणजे काय दाखवायचं?

प्रेक्षक म्हणून येणं हा सहभागच आहे, पण सगळ्यात खालच्या पायरीचा. वरच्या पायऱ्या म्हणजे विषय ठरवताना लोक होते का, करताना होते का, आणि झाल्यावर ती गोष्ट कोणाच्या हाती राहते.

न विचारता केलं तर काय होतं याचं गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे. रिचर्ड सेरा यांचं सुमारे 36 मीटर लांबीचं पोलादी शिल्प 1981 मध्ये एका सरकारी इमारतीपुढच्या चौकात उभं राहिलं. तिथे रोज येणाऱ्या कर्मचाऱ्यांना चौक ओलांडायला वळसा पडू लागला. तक्रारी झाल्या, 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली, खटला झाला आणि 1989 मध्ये शिल्प कापून हलवलं. ते वाईट होतं म्हणून नव्हे. सुनावणीत शिल्पाच्या बाजूने बोलणारेच जास्त होते. पण रोज तिथून जाणाऱ्यांना ते आपलं वाटलं नव्हतं, आणि शेवटी तेच महागात पडलं.

काही शहरं याहून पुढे जातात आणि कुठल्या कामाला पैसे द्यायचे हे रहिवाशांनाच ठरवू देतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने 1989 मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रक सुरू केलं आणि ती पद्धत जगभर पसरली. कलेच्या बाबतीत मात्र थेट मतदानाबद्दल माझं मत जरा सावध आहे. ज्याच्या ओळखी जास्त त्याला मतं जास्त, आणि चार माणसांना आवडणारी विचित्र, नवी गोष्ट तिथे हमखास मागे पडते.

मी एकटीच कलाकार आहे. आमचा गट नोंदलेला नाही. अर्ज करता येईल?

पुष्कळ योजनांत व्यक्तीलाही करता येतो. जिथे फक्त नोंदणीकृत संस्थाच चालते, तिथे एखाद्या जुन्या संस्थेची छत्री घ्यायची: अर्ज त्यांच्या नावाने, पैसा त्यांच्या खात्यात, काम तुमचं. यासाठी त्या संस्थेशी लेखी करार हवाच. ती किती टक्के व्यवस्थापन खर्च कापणार, पैसे तुम्हाला किती दिवसांत देणार आणि काम झाल्यावर त्यावर नाव कोणाचं लागणार, या तीन गोष्टी त्यात असाव्यात. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून तोंडी ठरवलेलं पुढे फार कडू होतं.

न्यूयॉर्कसारख्या शहरात आणखी एक सोय आहे. शहराचं खातं थोडा पैसा विभागवार कलापरिषदांना देतं आणि त्या पुढे छोट्या गटांना आणि कलाकारांना वाटतात. छोट्या अर्जदाराला मोठ्या नाट्यगृहाशी स्पर्धा करावी लागत नाही. आपल्या शहरात असा मधला दुवा आहे का, ते विचारा.

अंदाजपत्रक कसं करायचं?

उलट्या दिशेने. हे उत्तर सगळ्यात लांब आहे.

बहुतेक जण योजनेची कमाल मर्यादा बघतात आणि खर्च ताणून तिथवर नेतात. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण बेरीज तंतोतंत मर्यादेइतकी येते आणि ‘किरकोळ’ या ओळीत संशयास्पद मोठा आकडा असतो. त्याऐवजी कार्यक्रमाचा एक दिवस सकाळपासून मनात चालवून बघा. कुलूप कोण उघडणार? सामान कशातून येणार? वीज कुठून घेणार? मुलांना पाणी, खाऊ? पाऊस आला तर? ध्वनियंत्रणा लावणारा माणूस किती तास थांबेल? झाडून कोण घेणार? प्रत्येक उत्तर ही अंदाजपत्रकातली एक ओळ आहे. असं करून आलेला आकडा बहुधा वाकडातिकडा असतो आणि म्हणूनच खरा वाटतो.

प्रत्येक ओळीत हिशेब दाखवा: ‘तालमी’ आणि पुढे एक रक्कम असं न लिहिता किती तालमी, प्रत्येकी किती तास, तासाला काय दर. मोठ्या वस्तूंसाठी दोन ठिकाणची कोटेशनं जोडा, नियमात मागितली नसली तरी.

आणि अर्जातल्या मजकुरात जे आहे ते अंदाजपत्रकात असायलाच हवं. ‘अंध प्रेक्षकांसाठी वर्णनाची सोय’ असं पान दोनवर लिहिलंय आणि त्याचा खर्च कुठेच नाही, तर समिती समजते की ते वाक्य सजावटीपुरतं आहे. माझ्या अनुभवात चर्चेत गुण सर्वांत जास्त याच एका कारणाने कापले जातात. अर्ज एकाने लिहिलेला असतो, आकडे दुसऱ्याने, आणि दोघांची गाठ पडलेली नसते.

स्वतःचं मानधन लावलं तर लोभी वाटेल का?

नाही. न लावलं तर उलट शंका येते की पैसे मिळाल्यावर हा माणूस तीन महिने जगणार कशावर, आणि मध्येच दुसरं काम आलं तर हे सोडून जाणार का. प्रकाशयोजना करणाऱ्याला, छपाईवाल्याला, मांडववाल्याला पैसे मिळतात आणि ज्याच्यामुळे हे सगळं आहे त्याने फुकट काम करायचं, ही सवय कलाकारांनीच लावून घेतली आहे.

‘स्वतःचा वाटा’ मागतात. आमच्याकडे पैसेच नाहीत.

काही योजना म्हणतात, अर्धा खर्च तुम्ही उभा करा. नियमात वस्तुरूप मदत धरतात का ते बघा. फुकट मिळालेली जागा, उसनी ध्वनियंत्रणा, स्वयंसेवकांचे तास, यांची रास्त किंमत लावून वाटा दाखवता येतो. किंमत फुगवू नका आणि देणाऱ्याचं पत्र घ्या. रोखच हवी असा नियम असेल तर छोट्या गटाने ती योजना सोडलेली बरी. असा नियम ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनाच आणखी देतो, हे शहरांनीही समजून घ्यायला हवं.

पैसे हातात कधी पडतात?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उशिरा. निकाल, मग करार, मग खात्याची पडताळणी, मग पहिला हप्ता. काही ठिकाणी तर आधी खर्च करा, पावत्या द्या आणि मग परतावा घ्या अशी पद्धत असते. निवड झाल्याच्या आनंदात उधारीवर काम सुरू करणारे गट इथे अडकतात. हप्ते कसे आहेत आणि शेवटचा हप्ता अहवालानंतर आहे का, हे अर्ज करायच्या आधी विचारा. शेवटच्या हप्त्यातून कलाकारांचं मानधन द्यायचा बेत कधीही करू नका. त्यातून मागे राहू शकेल असा खर्च भागवा. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च बहुधा धरला जात नाही.

अनुदान मिळालं म्हणजे परवानग्याही मिळाल्या ना?

नाही. अनुदान एक खातं देतं. रस्ता, बाग, ध्वनिक्षेपक, अग्निसुरक्षा ही खाती वेगळी, आणि ती एकमेकांशी बोलतात असं धरून चालू नका. वेळापत्रकात परवानग्यांसाठी वेगळे आठवडे ठेवा.

भित्तिचित्र कोणाच्या मालकीचं? पुढे कोणी पुसलं तर?

भिंत भिंतवाल्याची. चित्रावरचे हक्क कलाकाराचे, करारात सोडून दिले नसतील तर. कलाकृती विकल्यावरही कलाकाराकडे काही नैतिक हक्क उरतात, असं पुष्कळ देशांचे कायदे मानतात. भारतात अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्यशिल्प 1979 मध्ये काढून टाकलं गेलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, अवशेष परत करायला आणि 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. न्यूयॉर्कमधल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरची चित्रं मालकाने 2013 मध्ये एका रात्रीत पांढरी केली, तेव्हा 21 कलाकारांना 67 लाख डॉलर भरपाई 2018 मध्ये मंजूर झाली आणि वरच्या न्यायालयाने 2020 मध्ये ती कायम केली.

पण सेहगलांना न्याय मिळायला किती वर्षं लागली ते बघा. त्यापेक्षा आधीच लिहून घ्या: चित्र किमान किती वर्षं राहील, रंग उडाला तर दुरुस्ती कोण करेल, काढायचं झालं तर किती दिवस आधी कळवायचं आणि छायाचित्रं विकायचा हक्क कोणाला.

शहराचे पैसे घेतले म्हणजे शहरावर टीका करायची नाही का?

नियमात बहुधा पक्षीय प्रचार, धर्मप्रसार आणि द्वेष यांना मनाई असते. टीकेला नसते. तरी दबाव येतो, तो लेखी कधीच येत नाही, ‘जरा सांभाळून घ्या’ अशा फोनवरून येतो. तेव्हा नम्रपणे म्हणा, हे ईमेलवर कळवा. बहुतेक वेळा ईमेल येत नाही.

मध्येच बेत बदलावा लागला तर?

कळवा. खर्च करायच्या आधी, लेखी. जागा बदलली, वीसऐवजी बारा मुलं आली, मुख्य गायक आजारी पडला, हे सगळं समजून घेतलं जातं. अहवाल वाचताना अचानक कळलं तर नाही.

अहवालात काय द्यायचं?

पावत्या, छायाचित्रं, हजेरी, आणि खरं काय झालं ते. पहिल्या दिवसापासून एका पाकिटात पावत्या टाकत गेलात तर अहवाल एका संध्याकाळी होतो. मुलांचे फोटो छापण्याआधी पालकांची संमती घ्या.

इथे शहरांनाही दोन शब्द. ब्राझीलमध्ये गायक गिल्बेर्तो जिल सांस्कृतिक मंत्री असताना 2004 मध्ये ‘संस्कृतीचे बिंदू’ ही योजना आली. वस्त्यांत आधीपासून चाललेल्या कामाला थोडा हातभार लावायचा, नवं काही वरून बांधायचं नाही, ही कल्पना. ती गाजली, पण छोट्या गटांना सरकारी हिशेबाचा जाच झाला, कारण मोठ्या संस्थांसाठीचे नियम त्यांनाही लावले गेले. शेवटी 2014 मध्ये वेगळा कायदा करून पद्धत सोपी केली गेली. दहा वर्षं गेली त्यात. लहान रकमेला लहान कागद, एवढी साधी गोष्ट आहे.

अर्ज नाकारला गेला. पुढे काय?

गुण आणि शेरे मागा, बऱ्याच योजनांत ते मिळतात. मंजूर अर्जाशेजारी एक-दोन गुणांनी हुकलेले पाच-सहा अर्ज दर वेळी असतात. त्यांच्यात आणि निवडलेल्यांत फारसा फरक नसतो हे आम्हा समितीतल्यांनाही ठाऊक असतं. तोच अर्ज सुधारून पुढच्या वर्षी द्यायला मुळीच संकोचू नका.

दरवर्षी मिळेल का?

त्यावर संसार उभारू नका. काही योजनांत सलग दोन-तीन वर्षांनंतर एक वर्ष थांबावं लागतं.

अर्ज लिहायला कोणाची मदत घेतली तर चालते?

चालते. योजनेचे अधिकारी माहिती-बैठका घेतात, त्यांना जा. मसुदा आधी दाखवला तर ते चूक सांगतात. मुदत संपायच्या आदल्या दिवशी फोन केलात तर मात्र कोणी उचलणार नाही. मजकूर लिहून झाल्यावर कलेशी काही संबंध नसलेल्या शेजाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, ‘शनिवारी सकाळी तिथे नक्की काय होणार आहे?’ त्याला सांगता आलं नाही, तर पहिलं पान पुन्हा लिहायला घ्या.